आठवीला शाळा बदलतेय, बोर्डही बदलायचं का?

सप्रेम नमस्कार,

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या एका गावचे. यजमान चाकणच्या कंपनीत कायम झाले, म्हणून दिवाळीआधी मोशीत भाड्यानं राहायला आलो. पगार हातात 24 हजार येतो. मुलगी गावी सासूबाईंकडे राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी पूर्ण करतेय. वर्गात पहिल्या तिघांत असते, सगळे विषय मराठीतून आहेत. जूनमध्ये तिला इकडे आणायचं आहे.

मोठे दीर बारा वर्षांपासून भोसरीत आहेत, त्यांचा मुलगा पहिलीपासून सीबीएसईत. ते म्हणतात, "मराठी शाळेतच घालायचं होतं तर गाव सोडलं कशाला?" त्यांनी दाखवलेल्या शाळेची फी 92 हजार, बसचे 24 हजार वेगळे. फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलंय. 31 मार्चच्या आत पैसे भरले तरच जागा मिळेल म्हणतात. यजमान कर्ज काढायला तयार आहेत. मुलगी मात्र फोनवर रडते. दिवाळीत इथल्या मुली तिच्या बोलण्याला हसल्या, तेव्हापासून "मला दहावीपर्यंत आजीजवळच राहू दे" म्हणते. काय करू?

लेकीची आई, मोशी

ताई,

31 मार्चच्या आत एक रुपयाही भरू नका. बाकीचं सावकाश ठरवता येईल, हे आधी.

सीबीएसईत 'पॅटर्न' नावाची मान्यता नसते. शाळा मंडळाशी संलग्न असते किंवा नसते. संलग्न असेल तर तिला क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून कुणालाही तपासता येतो. शाळा कितव्या इयत्तेपर्यंत संलग्न आहे तेही तिथं दिसतं, कारण काही शाळांची संलग्नता आठवीलाच संपते. नववीत मुलांची मंडळाकडे नोंदणी होते, ती संलग्न शाळेतूनच. "तोवर मान्यता येईल" या तोंडी भरवशावर बसलेल्या मुलांची ऐन नववीत धावाधाव होते, नाव दुसऱ्याच कुठल्या शाळेच्या पटावर चढवावं लागतं. तेव्हा भाऊजींना एवढंच म्हणा, "शाळेचा संलग्नता क्रमांक आणून द्या." क्रमांक आला नाही तर पुढं वाद घालायची गरजच उरणार नाही.

समजा क्रमांक खरा निघाला, तरीही तुमच्या मुलीसाठी मी ती शाळा निवडणार नाही. 92 आणि 24 मिळून वर्षाला 1 लाख 16 हजार होतात. तुमच्या हातात वर्षाला येतात 2 लाख 88 हजार. शंभरातले चाळीस रुपये एका मुलीच्या शाळेला गेल्यावर मोशीचं घरभाडं कशातून द्यायचं? फी अजिबात वाढली नाही असं धरलं तरी दहावीपर्यंत 3 लाख 48 हजार होतात. आणि इतकं इंग्रजी एकदम अंगावर आल्यावर शिकवणी लावावी लागेल, तिचा खर्च यात धरलेलाच नाही.

पैशापेक्षाही मोठं कारण अभ्यासाचं आहे. मराठी माध्यमात इंग्रजी ही तिची तिसरी भाषा आहे. तिकडे ती पहिल्या भाषेच्या पातळीवर असते आणि इतिहास-भूगोलासकट सगळं तिच्यातूनच लिहायचं असतं. भाऊजींचा मुलगा पहिलीपासून त्यात आहे, त्याला ते जड जाणार नाही. तुमची मुलगी एकाच जूनमध्ये गाव, घर, मैत्रिणी, माध्यम आणि बोर्ड असं सगळं बदलेल. पहिल्या तिघांत असणारी मुलगी सहामाहीला वर्गाच्या तळाशी गेली, की ती विषयाला दोष देत नाही, "मला येतच नाही" असं धरून बसते. त्या शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात, हेही ध्यानात घ्या. तेव्हा तिची सातवीची परीक्षासुद्धा व्हायची असेल.

म्हणून बोर्ड राज्याचंच ठेवा, शाळा मराठी माध्यमाची अनुदानित किंवा महापालिकेची घ्या आणि तुकडी सेमी-इंग्रजी मागा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन, दहावीच्या गुणांवर होतात. तिथं राज्य मंडळाची मुलं कुठंही अडत नाहीत.

तिला गावी ठेवायचा विचार मात्र सोडा. जिल्हा परिषदेची तिची शाळा सातवीला संपतेय, म्हणजे गावाकडे राहिली तरी शाळा बदलणारच आहे. शहरात महापालिकेच्या बऱ्याच प्राथमिक शाळाही सातवीलाच संपतात, त्यामुळे आठवीत इतर मुलंही नव्यानं येतात आणि ती एकटी नवखी ठरत नाही. नववीत गणिताची दोन पुस्तकं होतात, भाग 1 बीजगणिताचा, भाग 2 भूमितीचा. दहावीत विज्ञानाचंही तेच. त्याआधी रुळायला आठवीचं एक वर्ष हातात मिळतं. शिवाय शिक्षण हक्काच्या कायद्याचं कवच आठवीपर्यंतच आहे. सरकारी व अनुदानित शाळेत दुसरीकडून येऊन प्रवेश घेण्याचा हक्क त्यात आहे, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घ्यायलाही मनाई आहे. वर्षभरानं आणलीत तर यातलं काहीच हाताशी राहणार नाही.

आता शाळा शोधण्याचं. मार्चमध्येच तीन-चार शाळांत जाऊन या, मधल्या सुट्टीच्या वेळी. कार्यालयात पहिला प्रश्न हा विचारा: "आठवीची सेमीची तुकडी अनुदानित आहे का?" शाळा अनुदानित असली तरी तिची एखादी तुकडी विनाअनुदानित असू शकते, आणि ते फी भरताना कळतं. अनुदानित तुकडीत मुलींना शिक्षण शुल्क नसतं. गणवेश, वह्या, किरकोळ फी एवढाच खर्च. प्रवेशासाठी देणगी मागितली तर ती सक्तीची नाही, 1987 पासून राज्यात त्याविरुद्ध कायदा आहे. दुसरा प्रश्न, नववी-दहावीची मान्यता आहे का आणि दहावीच्या परीक्षेसाठी राज्य मंडळानं दिलेला शाळेचा स्वतःचा इंडेक्स नंबर आहे का. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांकही मागून घ्या, त्यावरून सरकारी संकेतस्थळावर शाळेची माहिती पाहता येते.

शंभर टक्के निकालाचा फलक वाचून भुलू नका. गेल्या वर्षी दहावीला किती मुलं बसली आणि त्याच्या आदल्या वर्षी नववीत किती होती, हे दोन आकडे विचारा. नववीत नव्वद आणि दहावीला सत्तर असतील तर मधली वीस कुठं गेली? काही ठिकाणी कच्च्या मुलांच्या हाती नववीतच दाखला देतात किंवा त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावतात. तसा निकाल शिकवण्याचा नसतो, गाळण्याचा असतो.

नववी-दहावीचं गणित, विज्ञान आणि इंग्रजी कोण शिकवतं, ते पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबानं नेमलेले, हे विचारा. तासिकेवरच्या शिक्षकाला कमी लेखायचं नाही, पण ते वर्षाच्या मध्येच सोडून जाऊ शकतात आणि गणिताचा वर्ग महिनाभर रिकामा राहतो. एका तुकडीत मुलं किती, नव्या मुलांना सरसकट शेवटच्या तुकडीत टाकतात का, संस्कृत आठवीपासून सुरू होतं की पाचवीपासून, हेही. पाचवीपासून असेल तर तिला संस्कृतऐवजी पूर्ण हिंदी घेता येईल का ते आत्ताच विचारा. मग प्रयोगशाळेत डोकावा. टेबलांवर धूळ असेल तर प्रयोगवह्या फळ्यावरून उतरवलेल्या असतात. मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन या. पाणी नाही, कडी नाही अशा ठिकाणी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, पाळीच्या दिवसांत घरी राहतात आणि नेमके तेव्हाचे धडे बुडतात.

रस्ता शाळेच्या वेळेलाच चालून पाहा. पुणे-नाशिक महामार्गावर मोशीजवळ कंपन्यांच्या वेळेला काय होतं ते यजमान रोज पाहतात. घरापासून वर्गापर्यंत अर्ध्या तासाहून जास्त लागणारी शाळा, कितीही नावाजलेली असली तरी, मी यादीतून काढेन. दुपारची शाळा असेल तर हिवाळ्यात सुटेपर्यंत अंधार पडायला लागतो, त्यामुळे त्याच बाजूनं येणाऱ्या दोघी-तिघी आहेत का पाहा. व्हॅन लावलीत तर शाळेच्या परिवहन समितीकडे तिची नोंद आहे का विचारा.

दाखल्याची घाई करू नका. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकदाच मिळतो, नंतर मिळते ती दुय्यम प्रत. काही खासगी शाळा तो आधीच जमा करून घेतात आणि मन बदललं की फीसाठी अडवून धरतात. नवीन शाळेनं जागा नक्की आहे असं सांगितल्यावरच तो काढा. काढण्यापूर्वी गावच्या शाळेत बसून जनरल रजिस्टरची, म्हणजे ज्यावरून दाखला लिहितात त्या वहीतली, नोंद शब्दन्‌शब्द पाहा: तिचं, वडिलांचं आणि तुमचं नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, जन्मठिकाण, जात आणि पोटजात. आधारवरच्या नावाशी एका अक्षराचाही फरक नको. शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते, दाखला निघाल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत हेलपाटे पडतात, आणि जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत ही नोंद तपासली जाते. सोबत सातवीचं प्रगतिपत्रक आणि तिचा पेन क्रमांकही (विद्यार्थ्याचा कायमचा ऑनलाइन नोंदणी क्रमांक) घ्या. दाखल्याच्या तीन-चार प्रती काढून ठेवा. नवीन शाळा तिचं नाव ऑनलाइन मागवेल, ते जुन्या मुख्याध्यापकांनी मंजूर करावं लागतं. मे महिन्यातच त्यांना तसं सांगून ठेवा, नाहीतर ती वर्गात बसते आणि नाव गावच्याच पटावर राहतं.

सेमीची भीती वाटेल, पण ती उन्हाळ्यात बरीच उतरते. बालभारतीच्या संकेतस्थळावर सातवीचं गणित मराठी आणि इंग्रजी दोन्हींत फुकट मिळतं. प्रकरणं तीच, उदाहरणं तीच. तिनं सोडवलेलंच उदाहरण इंग्रजी पुस्तकात उघडायचं. गणित येतंच, फक्त शब्द नवे. समांतर म्हणजे पॅरलल, लसावि म्हणजे एलसीएम, परिमेय संख्या म्हणजे रॅशनल नंबर. एका प्रकरणात असे पंधरा-वीस शब्द निघतात. वहीत दोन रकाने, रोज पाऊण तास, आधी गणित आणि नंतर विज्ञान. शाब्दिक उदाहरणं मोठ्यानं वाचायला लावा, कारण सेमीत मुलं अडतात ती आकडेमोडीत नाही, प्रश्न कळण्यात.

आणि ही गोष्ट जूनमध्येच लावून धरा: आठवीत एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सातवीत 55 टक्के आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. हातात येणारा पगार मर्यादेत बसतोच, पण पगारपत्रकावरचा एकूण आकडाही पाहून घ्या. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार, चार वर्षांचे 48 हजार मिळतात. ती सरकारी, महापालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच आहे, 92 हजारांच्या शाळेत गेली की तो हक्क जातो. फॉर्म शाळेकडूनच भरला जातो, म्हणून वर्गशिक्षकांना आधीच सांगा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. पेपर दोन, बौद्धिक क्षमतेचे 90 प्रश्न आणि शालेय विषयांचे 90, प्रत्येकी दीड तासाचे.

तिच्या रडण्याबद्दल शेवटी लिहितेय, ते कमी महत्त्वाचं म्हणून नव्हे. "काय करायलीस" असं बोलते म्हणून हसल्या असतील, तर तिच्या बोलण्यात काहीही चुकलेलं नाही, आणि घरात कुणीही ते 'सुधारायला' जाऊ नका. आईच दुरुस्त करायला लागली, की हसणाऱ्या मुली बरोबर होत्या असं तिला वाटतं. दोन शाळा तुम्ही निवडा, त्यांतली एक तिला निवडू द्या, मे महिन्यात दोन्ही दाखवून. त्याच शाळेत जाणारी एखादी मुलगी तुमच्या इमारतीत किंवा गल्लीत शोधा आणि जूनच्या आधी दोघींची गाठ घालून द्या. पहिल्या दिवशी डबा खायला कुणीतरी सोबत असलं की निम्मं ओझं हलकं होतं. पंधरा दिवसांनी वर्गशिक्षिकेला भेटा, तक्रार करायला नव्हे, "गावाकडून आली आहे, हुशार आहे, वर्गात बोलायला बिचकते" एवढं सांगायला. दिवाळीची सुट्टी आजीकडे, हे तिला आत्ताच कबूल करा आणि पाळा.

सहामाहीचे पेपर घरी आले की गणिताचा पेपर तिच्यासोबत बसून पाहा आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढं तिला विचारा, गणित आलं नाही की इंग्रजी कळलं नाही. इंग्रजीमुळंच बहुतेक गुण गेले असतील तर दोन रकान्यांची वही पुन्हा रोज सुरू करा. गणितच अडत असेल तर नववीची वाट न पाहता त्याच आठवड्यात शिक्षकांना गाठा.