कात्रीच्या पात्यावर डबी आणि खाली तीन पाय: ही कात्री नेमकी कशाची?

तुम्ही लिहिलंय की जुन्या घरातली पेटी आवरताना पितळेची एक कात्री निघाली. एका पात्यावर लहानशी डबी, दुसऱ्यावर उभी पट्टी, टोक निमुळतं, खाली तीन इवलेसे पाय, आणि तिने साधा कागदही धड कापला जात नाही. घरात कुणी ती नखं कापायची म्हणतंय, तर कुणी शस्त्रक्रियेची.

ती मेणबत्तीची वात छाटायची कात्री आहे. पाय आहेत हे वाचलं तेव्हाच मला तसं वाटलं होतं, डबीचं वाचून शंका उरली नाही.

आज मेणबत्ती एकदा लावली की विझवेपर्यंत तिच्याकडे बघावं लागत नाही. चरबीच्या मेणबत्त्यांच्या काळात तसं नव्हतं. त्यांच्यात सुताची पिळलेली वात असायची आणि ती ज्योतीच्या मधोमध ताठ उभी राहायची. ज्योतीच्या पोटात हवा पोचत नाही, त्यामुळे वातीची राख न होता काळा कोळसा होऊन तो वाढत जायचा. उजेड मंदावायचा, धूर सुटायचा, आणि लांबलेली वात एका अंगाला कलली की त्या बाजूने चरबी ओघळायची. म्हणून एका संध्याकाळीत पुन्हा पुन्हा तेवढं जळकं टोक उडवावं लागे, तेही ज्योत न विझवता. उडवलेला निखारा टेबलावर पडू नये म्हणून डबी, आणि तो डबीत ढकलायला पट्टी. निमुळत्या टोकाने वाकलेली वात सरळ करायची. पायांमुळे काजळीने माखलेली पाती टेबलाला टेकत नाहीत आणि कात्री उचलताना बोटं कड्यांत सहज जातात. कागद कापला जात नाही, कारण तिला धारेची गरजच नव्हती. जळकी वात ठिसूळ असते.

१८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. ही वात जळताना आपोआप वाकते, तिचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या कडेला येतं, तिथे हवा मिळते आणि राख होऊन जाते. अशा वाती सगळीकडे रुळल्यावर कात्रीला कामच राहिलं नाही. मला जुन्या वस्तूंचा नाद लागला तो याच गोष्टीमुळे. वस्तू ओळखू येत नाही, कारण तिचं काम घरातून निघून गेलेलं असतं. साखर तोडायचे दणकट चिमटे असेच आहेत. साखर उंच, दगडासारख्या टणक शंकूंमध्ये विकली जायची हे माहीत नसेल, तर ते चिमटे हातात घेऊन काहीच सुचत नाही. साखरेचे तयार चौकोनी तुकडे आले १८४३ नंतर.

म्हणून अशी वस्तू हाती आली की मी आधी नाव शोधत नाही, ती कुठे झिजली आहे ते बघते. माझ्याकडे दांडा असलेला एक पोलादी आकडा होता. दोन वर्षं मी त्याला क्रोशाची सुई समजत होते. मग लक्षात आलं की त्याला धागा धरणारी खाच नाही, नुसता गोल वाक आहे आणि झीज वाकाच्या आतल्या बाजूला आहे. तो बुटांची बटणं काजातून ओढायचा आकडा निघाला.

तुमच्या कात्रीला कृपा करून ब्रास पॉलिश लावू नका. डबीच्या आतल्या कोपऱ्यांत काळा थर असेल तर तोच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. मी एकदा एका अडकित्त्यासारख्या वस्तूवर पॉलिशपेपर घासला आणि त्याबरोबर त्यावरचा शिक्काही गेला. ती वस्तू काय होती हे आता कधीच कळणार नाही, आणि याची मला अजून हळहळ वाटते.

शिक्का असलाच तर भिंगातून नीट बघा. पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची खूण ब्रिटनमधल्या नोंदणीची असते, १८४२ ते १८८३ या काळातली. तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून आणि अंकांवरून नोंदणीची तारीख काढता येते. शिक्का नसेल तर पायांचे तळ आणि अंगठ्याच्या कड्याची आतली बाजू तपासा. खरोखर वापरलेल्या कात्रीत तिथे कडा बोथट आणि गुळगुळीत झालेल्या असतात, शोभेसाठी केलेल्या नव्या नकलेत सगळीकडे सारखाच खडबडीतपणा राहतो.

नेटवर ‘कँडल स्नफर’ शोधलंत तर बहुतेक वेळा काठीला लावलेली छोटी टोपी दिसेल. ती ज्योत विझवायची, तुमची वस्तू ती नव्हे. ‘विक ट्रिमर’ म्हणून मिळतात त्या आजच्या कात्र्या. खोल बरणीतल्या मेणबत्तीसाठी त्यांचं तोंड तिरकं असतं आणि त्यांना बंद डबी नसते.

कात्री उघडून डबीच्या आतला आणि उलटी करून पायांचा असे दोन फोटो टाकता आले तर बघा. झीज दिसली की ती वापरातली होती की शोभेची, हे सांगायचा प्रयत्न करते.