भावाला डिप्रेशन आहे आणि घरच्यांना गोळ्या नकोत, काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे:

मावशी, मी २६ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. माझा भाऊ १७ चा, लातूरला होस्टेलवर राहून बारावी आणि नीट करत होता. दिवाळीनंतर त्याने क्लासला जाणं बंद केलं, जेवत नव्हता, दुपारपर्यंत झोपून, काही विचारलं की अंगावर यायचा. मी त्याला माझ्याकडे आणलं, इथल्या मानसोपचार तज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले मध्यम स्वरूपाचं डिप्रेशन आहे, काउन्सेलिंग सुरू करा, फ्लुओक्सेटिन पण लिहून दिली, दोन आठवड्यांनी बोलावलंय. गोळ्या आणल्या पण सुरू केल्या नाहीत. अप्पा फोनवर म्हणतात डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. मामाने कसलीतरी झाडपाल्याची पावडर पाठवलीय. आणि मी नेटवर वाचलं की या गोळ्यांनी मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढतात. तो स्वतःही नको म्हणतो. गोळ्यांशिवाय काही उपाय आहे का?

हो बाळा, आहे. आणि तो कुणाच्या घरगुती नुस्ख्यातला नाही, डॉक्टरांच्या पुस्तकातला आहे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की अठराच्या आतल्या मुलांना सौम्य डिप्रेशन असेल तर गोळ्यांनी सुरुवात करू नका, आणि मध्यम किंवा जास्त असेल तरी नुसत्या गोळीवर सोडू नका, बोलून करायचा उपचार हवाच. म्हणजे तुझा प्रश्न वेडा नाही. पण गोळी नको म्हटलं की तिच्या जागी दुसरा खरा उपचार उभा करावा लागतो, तारीख वेळ ठरवून, आणि तुझ्या पत्रात मला ते दिसत नाहीये. काउन्सेलिंग सुरू करा असं डॉक्टर म्हणाले होते ना, ते सुरू झालं का? त्याबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस. आत्ता या घडीला तुझ्या भावावर कसलाच उपचार चालू नाहीये, आणि गोळ्या घ्याव्यात की नाही यापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.

बाकी सगळ्याच्या आधी एक काम. त्याला सरळ विचार, मरावंसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का. असंच, याच शब्दांत. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो अशी लोकांना भीती असते, तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. तो हो म्हणाला तर रागावू नकोस, शपथा घालू नकोस, आईचा विचार कर असंही म्हणू नकोस, ऐकून घे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. कसं करायचं हेही त्याने ठरवलं असेल तर त्याला क्षणभर एकटं सोडायचं नाही आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं, तिथे मग गोळ्या हव्या की नको ही चर्चाच नाही. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तो तुझ्या आणि आईच्या दोघींच्या फोनमध्ये सेव्ह कर. आणि गावी अप्पांना सांग की फवारणीची औषधं, तणनाशक, जे काय कोठीत उघड्यावर असेल ते कुलपात जाऊ दे आणि किल्ली त्यांच्याकडे. भाऊ पुण्यात आहे म्हणून हे टाळू नको, तो कधी ना कधी गावी जाणारच.

आता उपचाराकडे. काउन्सेलिंग म्हणजे समोर बसवून धीर देणं असं आपल्याकडे वाटतं, आणि मग लोक म्हणतात ते तर आम्ही घरीच करतो. तसं नाहीये ते. डिप्रेशनमध्ये सगळ्यात जास्त तपासलेली पद्धत आहे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार. समज टेस्ट सिरीजमध्ये मार्क पडले आणि त्याच्या डोक्यात आलं की माझ्याने काहीच होणार नाही, अप्पांनी कर्ज काढून पाठवलं ते पाण्यात गेलं, तर थेरपिस्ट त्याच्यासोबत तो विचार कागदावर उतरवतात, कशावरून, आणि दुसरं काय खरं असू शकतं हे त्याच्याकडूनच काढून घेतात, मग आठवडाभर करायला घरचा अभ्यास देतात. साधारण आठवड्याला एक सेशन, तीनेक महिने. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोध, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचार, विचारायला लाजू नकोस कारण काउन्सेलरची पाटी आजकाल कुणीही लावतं. खाजगीत परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी कर, रांग असते पण उपचार होतो.

आकडे पण सांगते, कारण अप्पांशी तुला बोलायचंय. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर मोठा अभ्यास झाला, २००४ मध्ये त्याचे निकाल आले. बारा आठवड्यांनी गोळी आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या फ्लुओक्सेटिनवर ६१, नुसत्या सीबीटीवर ४३, आणि खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीवर ३५. हे वाचून वाटेल सीबीटी कुचकामी आहे, पण तोच अभ्यास पुढे चालू राहिला आणि छत्तीस आठवड्यांनी नुसती सीबीटी आणि नुसती गोळी दोन्ही ८१ वर आले, दोन्ही एकत्र होते ते ८६ वर. म्हणजे बोलण्याचा उपचार पोचतो, फक्त हळू पोचतो. मधले ते महिने तुमच्याकडे आहेत का, मुलगा तेवढा तग धरून आहे का, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं.

थेरपिस्टची तारीख मिळेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही, कारण दुसरा एक उपचार आहे ज्याची सुरुवात तू आजच घरी करू शकतेस. त्याला बिहेवियरल अ‍ॅक्टिवेशन म्हणतात. गोव्यात संगत नावाची संस्था आहे, त्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या साध्या लोकांना ट्रेनिंग देऊन याच पद्धतीने सहा ते आठ भेटींत डिप्रेशनच्या रुग्णांवर उपचार केले आणि त्यांना चांगला गुण आला, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. ते रुग्ण मोठ्या वयाचे होते, पण मुलांच्या उपचारातही हीच पद्धत वापरतात. मूळ गोष्ट अशी की मन लागत नाही म्हणून माणूस काही करत नाही, आणि काहीच करत नाही म्हणून बरं वाटायला जागाच उरत नाही, मग मन अजून खाली. तर हे चक्र करण्याच्या बाजूने तोडायचं, मूड यायची वाट बघायची नाही.

पहिला आठवडा फक्त वही. कुठल्या तासाला काय केलं आणि तेव्हा कसं वाटत होतं, शून्य ते दहा. उपदेश नाही. बहुतेक वेळा तीनवर असणारा पोरगा कुठेतरी चार किंवा पाचवर गेलेला दिसेल, बिल्डिंगच्या कुत्र्याजवळ म्हण किंवा जुन्या मित्राचा फोन आला तेव्हा म्हण, ते धरायचं. मग दिवसाला एक दोन कामं, पण अगदी छोटी आणि वेळ ठरलेली. रोज व्यायाम करत जा हे काम नाही, तो भाषणाचा तुकडा आहे. संध्याकाळी साडेसहाला ताईबरोबर चालत जाऊन दूध आणायचं, हे काम आहे. त्यात एखादी त्याला पूर्वी आवडणारी गोष्ट असू दे, एखादी केल्यावर आपण काहीतरी केलं असं वाटणारी (स्वतःची बॅग आवरणं सुद्धा चालेल), आणि एखादी माणसांतली. नाही जमलं तर ओरडायचं नाही, काम अजून लहान करायचं. हळूहळू ते चालणं आठवड्यातून तीनदा तरी दम लागेल इतकं वाढवा, व्यायामाचा डिप्रेशनवर खरंच उपयोग होतो, आणि तो क्रिकेट खेळायचा असेल तर क्रिकेटच बरं.

झोपेचं पण बघ. या वयात शरीराचं घड्याळ तसंही उशिरा सरकतं आणि आठ ते दहा तास झोप लागते, होस्टेलवर पहाटे उठून रात्री बारापर्यंत अभ्यास म्हणजे आजाराला आमंत्रणच. उठायची वेळ आधी पक्की करा, झोपायची आपोआप मागे येते, आणि रात्री फोन तुझ्या खोलीत. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह तपासलंय का तेही डॉक्टरांना विचार, यांच्या कमतरतेत पण असाच थकवा आणि उदासी येते.

मामाची पावडर मात्र बाजूला ठेव. आत काय आहे ते माहीत नाही, आणि डिप्रेशनवर म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वनस्पती, सेंट जॉन्स वर्ट त्यातलीच, या गोळ्यांसोबत घेतल्या तर जीवावर बेतू शकतं. मामांचा जीव आहे पोरावर, त्यांना दुखवायचं कारण नाही, डॉक्टरांना दाखवून मगच देऊ असं सांग.

आणि गोळ्यांबद्दल तू वाचलंस त्याचं. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने तो इशारा दिला तो खरा आहे. २४ चाचण्या एकत्र बघितल्या तेव्हा असे विचार किंवा वागणं गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि खोट्या गोळीवर २ टक्के मुलांत दिसलं, त्या चाचण्यांत आत्महत्या एकही झाली नव्हती. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलला की मुलावर बारीक लक्ष ठेवायचं, अस्वस्थपणा किंवा झोप उडणं दिसलं तर लगेच कळवायचं. अप्पांना सांग की या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, फक्त बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू करतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं मूल आधीच गोळ्या घेत असेल तर माझं पत्र वाचून कृपा करून बंद करू नका.

तू उद्या त्या डॉक्टरांना फोन कर आणि खरं सांग की गोळ्या सुरू केल्या नाहीत. दोन आठवडे थांबू नकोस. विचार की आधी सीबीटीने सुरुवात केली तर चालेल का, कुठलं लक्षण दिसलं तर थांबायचं नाही, आणि किती आठवड्यांत फरक पडला नाही तर गोळी जोडायची. चार ते सहा आठवडे मनापासून करूनही तो तिथेच असेल किंवा खाली जात असेल तर गोळी सुरू करायला तू अप्पांच्या होकाराची वाट बघत बसू नकोस, त्यांना डॉक्टरांसमोर बसव, फोनवर हा वाद मिटत नाही. या सगळ्या चर्चेत भाऊ खोलीबाहेर नको, सतराचा आहे, त्याला विचारा.

आणि नीट. यावर्षी परीक्षा द्यायची का हे आत्ता ठरवू नका, पण अप्पांनी त्याला एकदा स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं की हे वर्ष गेलं तरी चालेल. तू सांगून उपयोग नाही, ते त्यांनीच सांगायचं. त्यांना पुण्याला बोलावून घे.