रात्री अडकलेला बिल्ड सकाळी कळतो, यावर आपोआप लक्ष कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की रात्री लावलेला बिल्ड (कोड जुळवून तपासायचं आपोआप चालणारं काम) ना पास होतो ना फेल, नुसता फिरत राहतो आणि सकाळी कोणीतरी लॅपटॉप उघडेपर्यंत पत्ताच लागत नाही. आधी हे बघा की तो रांगेत अडकलाय का चालू होऊन अडकलाय, कारण दोघांचा इलाज वेगळा. कोकण रेल्वेने येणाजाणाऱ्यांना हे लगेच पटेल, गाडी क्रॉसिंगला उभी असो नाहीतर इंजिन बंद पडलेलं असो, खिडकीतून सारखंच दिसतं.

रांगेत अडकलाय म्हणजे रनर, म्हणजे बिल्डचे जॉब (त्यातली एकेक कामं) चालवणारं मशीन, मिळत नाहीये. आमचा रनर कुडाळच्या ऑफिसात आहे, पावसात लाईट गेली आणि इन्व्हर्टर पण उतरला की रनर ऑफलाइन आणि जॉब वाट बघत बसतो. गिटहब ॲक्शन्समध्ये (बिल्ड चालवणारी गिटहबची सेवा) आपल्या स्वतःच्या रनरसाठी थांबलेला जॉब २४ तासांनी फेल होतो, पण तोवर दिवस गेला ना. जॉबने मागितलेलं लेबल (कुठला रनर हवा ती खूण) रनरशी जुळत नसलं तरी हेच होतं. मी १० मिनिटांवर रांगेत असला की सरळ ग्रुपवर मेसेज टाकायला लावलाय.

चालू होऊन अडकलेला जास्त त्रासाचा. गिटहबचा डिफॉल्ट टाइमआऊट (जॉब आपोआप बंद व्हायची मुदत) ३६० मिनिटं, गिटलॅब या तशाच सेवेचा १ तास, आणि जेनकिन्स या बिल्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला तुम्ही सांगितलंच नाही तर तो शिमग्यापासून गणपतीपर्यंत चालू राहील. म्हणून पहिल्यांदा प्रत्येक जॉबला स्वतःचा टाइमआऊट द्या, एरवी लागतो त्याच्या साधारण दुप्पट. मग एक छोटी स्क्रिप्ट, दर ५ मिनिटांनी क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप प्रोग्राम चालवणारी सोय), त्या सेवेच्या एपीआयकडून (प्रोग्रामने माहिती मागायची वाट) चालू जॉब घ्यायचे आणि सुरू झाल्याची वेळ बघायची. ती वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) येते हं, आपल्या घड्याळाशी तशीच लावलीत तर आत्ताच सुरू झालेला जॉबसुद्धा साडेपाच तास अडकलेला दिसेल. जिथे लॉग (जॉब काय करतोय त्याची ओळीओळीने नोंद) जॉब चालू असताना वाचता येतो तिथे शेवटची ओळ किती वेळापूर्वी आली ते पण बघा, खरं तर वेळेपेक्षा हेच जास्त कामाचं, कारण मोठा बिल्ड हळू असला तरी काहीतरी बोलत असतो.

ही स्क्रिप्ट त्याच रनरवर ठेवू नका, लाईट गेली की दोघं एकदम झोपणार. आम्ही क्लाउडवरच्या एका स्वस्त मशीनवर ठेवलीय आणि ती प्रत्येक वेळी बाहेरच्या एका सर्व्हिसला पिंग करते, म्हणजे मी चालू आहे असा निरोप देते, पिंग थांबला की तिकडून मेल.

आपोआप कॅन्सल करायचं तर फक्त टेस्टचे जॉब करा, डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) नाहीतर डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं) अर्ध्यात मारलं तर अडकलेल्या बिल्डपेक्षा मोठं लफडं होतं, तिथे माणसालाच उठवा. आणि मारायच्या आधी स्टॅक (प्रोग्राम आत नेमका कुठे थांबलाय ते) काढून ठेवा, जावाला जेस्टॅक, पायथनला पाय-स्पाय, नाहीतर उद्या रात्री परत तेच. तुमचा रोज एकाच स्टेपला अडकत असेल तर आधी बघा कुठली कमांड हो का नाही विचारत थांबलीय का, तिथे उत्तर द्यायला कोणी बसलेलंच नसतं.