हाय प्रेशर अलार्म, सक्शन करूनही थांबत नाही: माझा अनुभव

ताई, पोस्ट दोनदा वाचली. साताऱ्यात आयसीयूला तीनच महिने, नाईटला व्हेंटवरच्या (व्हेंटिलेटरवरच्या) आजोबांचा हाय प्रेशर अलार्म, सक्शन करूनही, म्हणजे नळीने ट्यूबमधला कफ ओढून काढूनही, वाजतोच, तुम्ही सायलेंट दाबत राहिलात, सॅच्युरेशन घसरलं आणि सकाळच्या राउंडला सगळ्यांसमोर बोलणी खाल्लीत. पेशंट बदलला तर ही माझीच रात्र आहे.

मी ब्रदर. सांगली-मिरज पट्ट्यात बारा वर्षं आयसीयूत. डोकं ३० ते ४५ अंश वर, ओठापाशी ट्यूबचा आकडा, उशाशी अँबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), हे तुम्हाला शिकवत बसत नाही.

माझी पेशंट शिराळ्याकडची एक मावशी. जमिनीवर झोपलेली, पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या जड. दंशाची खूणसुद्धा नीट दिसत नव्हती. मण्यार. लस दिली तरी मण्यारीचा लकवा लगेच उतरत नाही, त्यामुळे दिवसच्या दिवस व्हेंट. त्यात जुना दमा, म्हणून सहा तासांनी नेब्युलायझेशन. आणि माझी चूक इथेच: नेब्युलायझेशनच्या वेळी मी एचएमई फिल्टर (ट्यूब आणि मशीनच्या नळ्यांच्या मधे बसणारा, श्वासातला ओलावा धरून ठेवणारा) काढायचोच नाही. सगळा फवारा त्या फिल्टरमध्येच मुरत होता.

तिसऱ्या रात्री अलार्म सुरू झाला. सक्शन केलं, कॅथेटर सरळ आत गेला, फारसं काही आलं नाही. परत जोडलं, परत वाजला. मला वाटलं दम्याने छाती आवळली, म्हणून अजून एक नेब्युलायझेशन दिलं! मधे मधे सायलेंट. मर्यादेला प्रेशर टेकलं की मशीन श्वास तिथेच तोडतं, म्हणजे तिला हवाच पुरत नव्हती. सॅच्युरेशन ८४, नाडी १३०. हातपाय हलवून सांगायची सोय नव्हती तिला. डोळ्यांच्या कडेने पाणी येत होतं, ते मी कापसाने पुसलं.

शेजारच्या वॉर्डातल्या सिनियर सिस्टर आल्या. काही न बोलता सर्किट (मशीनच्या नळ्या) काढलं, अँबू थेट ट्यूबला लावला. पिशवी लोण्यासारखी दाबली जात होती. छाती उठली, आकडा वर आला. मग त्यांनी फिल्टर उचलून माझ्या तळहातावर ठेवला. ओल्या बोळ्यासारखा जड.

तेव्हा हे पाठ करा. अलार्म कळत नसेल आणि पेशंट घसरत असेल, तर मशीन सोडा, पेशंट धरा. ऑक्सिजन लावलेल्या अँबूने थेट ट्यूबवर श्वास द्या आणि कुणाला तरी हाक मारा. पिशवी सहज दाबली गेली तर दोष बाहेर: सर्किट, फिल्टर, मशीन. जड गेली तर आत: ट्यूब सरकली, चोंदली, चावली, किंवा छातीत हवा भरली. सायलेंटच्या बटणाने फक्त दोन मिनिटं उसनी मिळतात.

(मी डॉक्टर नाही. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल आणि ड्युटी डॉक्टर आधी, मी नंतर.)

आता रडगाणं. त्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही. तिथे स्टोअरचा हिशेब होता, एका पेशंटला एक फिल्टर. पाकिटावर मुदत लिहिलेली असते, ओला किंवा घाण दिसला तर त्याआधीच बदलायचा असतो. मी इंडेंट (नव्या फिल्टरच्या मागणीचा कागद) लिहिला, स्टोअरने खोडून परत पाठवला. नंतर चौकशीत तो कागद कुणाकडेच नव्हता, माझं नाव मात्र सगळ्यांकडे होतं. म्हणून इंडेंटची प्रत स्वतःकडे ठेवा, हँडओव्हर बुकातही ओळ टाका. व्हेंटच्या एका पेशंटमागे एक सिस्टर असावी म्हणतात. त्या रात्री माझ्याकडे तीन होते. हे सांगून चूक झाकत नाही, पण झापणाऱ्यांनी हेही मोजावं.

ट्यूबच्या कफचा (श्वासनळीत ट्यूबभोवती फुगणाऱ्या हवेच्या फुग्याचा) दाब बोटांनी दाबून अंदाज घेणं सोडा, गेज मागा, दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी इतका हवा. दर वेळी सक्शनआधी ट्यूबमध्ये सलाइन घालायची सवयही मला पटत नाही.

आणि पेशंटशी बोलत जा. मण्यारीच्या पेशंटची बुबुळंही कधी कधी प्रकाशाला हलत नाहीत, माणूस गेल्यासारखा दिसतो, पण ऐकतो सगळं. मावशी आठवड्याने ट्यूब काढल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "ते यंत्र वराडत हुतं, तू आपलं त्याला गप करतूयास. मी आतनं म्हनतीय, आरं मला बघ की लेका."

नोकरी सोडू का विचारलंत. माझं मत, आत्ता नको. बोलणी मीही खाल्ली, सहा महिने त्या बेडकडे जायला पाय उचलत नव्हता. पण घडलं ते वेळेसकट लिहून इनचार्जना द्या, तोंडी ठेवू नका.

आणि उद्या ड्युटीवर गेलात की त्या व्हेंटवर एचएमई आहे की गरम पाण्याचा ह्युमिडिफायर, ते बघून इथे लिहा. दोन्ही एकत्र लावलेले सापडले तर फिल्टर तसाच भिजतो. मग आजोबांचा अलार्म का वाजत होता ते बहुतेक तिथेच कळेल.