वाचकांचे प्रश्न : उदमांजर आणि महागडी कॉफी

प्रश्न : पुढील महिन्यात आम्ही सहकुटुंब बालीला जात आहोत. सहलीत ‘कोपी लुवाक’ कॉफीच्या मळ्याची भेट आहे. ही कॉफी प्राण्याच्या विष्ठेतून मिळते, हे खरे का? ती विकत घ्यावी का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : होय, हे खरे आहे. इंडोनेशियात ‘कोपी’ म्हणजे कॉफी आणि ‘लुवाक’ म्हणजे उदमांजर; आपल्याकडे त्यालाच कांडेचोरही म्हणतात. रात्री फिरणारा हा प्राणी कॉफीची पिकलेली फळे खातो. गर पचतो, पण बिया कठीण कवचासह जशाच्या तशा बाहेर पडतात. त्या वेचून, धुऊन, वाळवून, कवच काढून भाजल्या जातात. पोटातील पाचकरसांमुळे बियांमधील काही प्रथिनांचे विघटन होते आणि त्यामुळे कडवटपणा उतरतो, असे सांगितले जाते. नीट धुतलेल्या व कडक भाजलेल्या बियांपासून आरोग्याला धोका संभवत नाही.

माझी हरकत वेगळीच आहे. रानात विष्ठा शोधत फिरण्याचे काम वेळखाऊ असल्याने, मागणी वाढताच उदमांजरे पकडून पिंजऱ्यात ठेवली जाऊ लागली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालीतील 16 मळ्यांवरील 48 उदमांजरांची पाहणी झाली आणि एकाही मळ्यावर त्यांच्या मूलभूत गरजा पुरेशा भागत नसल्याचे आढळले. एकटे राहणाऱ्या, झाडांवर चढणाऱ्या आणि फळांपासून किड्यांपर्यंत नाना प्रकारचे खाणाऱ्या या प्राण्याला तारेच्या जाळीवर उभे ठेवून मुख्यतः कॉफीची फळे चारणे ही उघड क्रूरता आहे. शिवाय रानातले उदमांजर उत्तम फळ निवडून खाते, हाच या कॉफीचा मोठेपणा सांगितला जातो. पिंजऱ्यात समोर टाकलेलेच खावे लागत असेल, तर तो मोठेपणा उरतोच कुठे?

पुडीवर ‘रानातील’ असे छापलेले असले, तरी त्यावर विसंबू नये; पिंजऱ्यातील कॉफी त्याच नावाने विकली जात असल्याचे 2013 मध्ये बीबीसीच्या पत्रकारांनी उघड केले होते.

तेव्हा ती भेट टाळता आली तर उत्तम. जावेच लागले, तर पर्यटकांसाठी भरदिवसा जागवलेल्या उदमांजराबरोबर छायाचित्र काढू नका. बालीची कॉफी घरी आणायचीच असेल, तर किंतामणी परिसरातील अरेबिका घ्या. तिला लिंबूवर्गीय फळांची सुरेख आंबटगोड झाक असते.