केबिनचा दिवा आणि सेंट्रल लॉक एकदम बिघडले असतील, तर आधी चालकाच्या दाराची रबरी नळी पाहा

नमस्कार. चालकाचे दार उघडल्यावर छतातला दिवा कधी लागतो तर कधी नाही, शहाद्याच्या रस्त्यावर खड्डा आला की चारही दारे आपोआप लॉक होतात आणि महिन्याभरात एकच फ्यूज दोनदा उडाला, हे आपले वर्णन वाचताना माझ्याच जुन्या गाडीची कहाणी वाचत असल्यासारखे वाटले. बॅटरी आणि डोअर स्विच आपण तपासलेच असतील, असे गृहीत धरतो.

मी केलेली सर्वांत महाग चूक सांगतो. जळगावच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून पाहिल्यावर ‘मॉड्यूल (लॉक आणि दिवे चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेले’ असे सांगण्यात आले आणि नेमकी कोणती वायर तपासली हे न विचारता मी सही करून मोकळा झालो. अठरा हजार रुपये गेले आणि दहा दिवसांत दुखणे परत आले. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा विजेचे सुटे भाग परत घेत नाहीत, एवढेच उत्तर मिळाले; गाडीकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. त्याच आठवड्यात, भर मे महिन्यात, एरंडोलजवळ किल्ली आत आणि चार वर्षांचा नातू आत असताना दारे लॉक झाली. काच फोडून त्याला बाहेर काढावे लागले. म्हणून या बिघाडाला कोणी किरकोळ म्हटले, की मला राहवत नाही.

शेवटी भुसावळच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने वीस मिनिटांत दोष दाखवला. दार आणि ते बिजागरीने ज्याला जोडलेले असते तो गाडीचा खांब यांच्यामध्ये जी रबरी नळी असते, तिच्यातील वायरी दार उघडता-मिटताना दर वेळी वाकतात. कालांतराने वरचे आवरण शाबूत राहून आतली तांब्याची तार तुटते. आवरणही फाटले, तर उघडी तार पत्र्याला लागून फ्यूज उडतो किंवा शेजारच्या तारेला लागून लॉकला खोटा इशारा जातो. बऱ्याच गाड्यांत बाकीची दारे चालकाच्या दाराच्या मागे चालतात, त्यामुळे एका तारेपायी चारही दारे वेडी होतात.

दिवा डोअर मोडवर (दार उघडल्यावर लागेल असा) ठेवून दार हळूहळू हलवून पाहा. ठरावीक कोनात तो लुकलुकला, तर संशय पक्का समजा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून नळी सरकवा आणि प्रत्येक वायर अलगद ओढा. आतून तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. जोड देताना तेवढ्याच जाडीची लवचिक वायर वापरावी, डाग देऊन (सोल्डर करून) वर हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, चढवावी आणि जोड वाकणाच्या जागी न ठेवता दाराच्या किंवा केबिनच्या आत न्यावा. नुसती चिकटपट्टी गुंडाळून देणाऱ्याकडे गाडी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १५ अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज तर कदापि टाकू नका. फ्यूज टिकेल, पण वायरिंग जळेल.

मी मेकॅनिक नाही आणि प्रत्येक गाडीची वायरिंग वेगळी असते. पिवळ्या आवरणातील वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना घरी हात लावू नका. दुरुस्ती होईपर्यंत गाडीतून उतरताना, इंजिन एक मिनिटासाठी बंद केले तरी, किल्ली खिशातच ठेवा.