ओव्हरटाइमची थकबाकी: पावती नव्हे, तारीख पाहा

चार वर्षे कारखान्यात मशीन ऑपरेटर म्हणून काम केले, ओव्हरटाइमचे पैसे मूळ पगारावर आणि तेही एकेरी दराने मिळाले, तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडताना ‘सर्व येणे मिळाले, काही तक्रार नाही’ या पावतीवर सही केली. आता काही मिळेल का, असे तुम्ही विचारता. अशी पत्रे सतत येतात आणि जवळपास प्रत्येकात धास्ती त्या पावतीचीच असते. त्या पावतीने तुमचा हक्क जात नाही. कायद्याने देय असलेली रक्कम सोडून देण्याचा करार वेतन संहिता, २०१९ च्या कलम ६० नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो आणि वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्येही तशीच तरतूद होती. तुमचे सगळे अडले आहे ते दावा दाखल करण्याच्या मुदतीवर.

ओव्हरटाइमची थकबाकी हा चार वर्षांचा एकच गठ्ठा नसतो. ज्या महिन्याचे पैसे कमी मिळाले, त्या महिन्याची मुदत पगाराच्या देय तारखेपासून स्वतंत्रपणे सुरू होते आणि स्वतंत्रपणे संपते. तुमचा पगार २४,००० रुपयांच्या आत असल्यामुळे तुम्हाला १९३६ चा अधिनियम लागू होता आणि त्यात ही मुदत १२ महिन्यांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी वेतन संहिता अमलात आली आणि तिच्या कलम ४५ ने ती तीन वर्षांची केली. यावरून मागची तीन वर्षे सरसकट मागता येतील असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर त्यावर विसंबू नका. नवा कायदा मुदत वाढवतो तेव्हा ती सर्वसाधारणपणे जिवंत दाव्याचीच वाढते. ज्याची मुदत आधीच संपली, तो दावा स्पष्ट तरतुदीशिवाय पुन्हा उभा राहत नाही. ऑक्टोबर २०२४ चा पगार ७ किंवा फार तर १० नोव्हेंबरपर्यंत देणे बंधनकारक होते, म्हणजे त्याचे १२ महिने संहिता येण्याच्या जेमतेम काही दिवस आधी संपले. नोव्हेंबर २०२४ चा पगार डिसेंबरमध्ये देय होता, त्यामुळे तो दावा संहिता आली तेव्हा जिवंत होता. माझ्या मते तेथून पुढचे महिने ही तुमची भक्कम बाजू आहे, जरी मालकाचे वकील त्यावरही वाद घालतीलच.

त्याआधीची जवळपास तीन वर्षे तुम्ही स्वतःच्या हाताने घालवली आहेत, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते. मॅनेजर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत राहिला, तुम्ही थांबत राहिलात आणि प्रत्येक पुढच्या महिन्याबरोबर मागचा एक महिना मुदतीबाहेर गेला. तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही, नुसत्या विनंतीपत्रानेही नाही. हे महिने कलम ४५ खालील थकबाकीच्या अर्जात जरूर घाला, कारण सबळ कारण असल्यास उशिराचा अर्ज दाखल करून घेता येतो. मात्र त्या रकमेवर घराचे बेत आखू नका. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ३३सी(२) खालील थकबाकी वसुलीच्या अर्जाला मुदतीचे बंधन नव्हते, या भरवशावर अनेक जण बसून राहिले. तो अधिनियमही संहिता आली त्याच दिवशी निरस्त झाला, त्यामुळे त्या वाटेवर आता भिस्त ठेवू नये.

रकमेबाबत मी सावधपणे बोलेन. तुम्ही पाठवलेल्या पगाराच्या स्लिपवर एकूण पगार २०,८०० रुपये, मूळ पगार ८,३२० रुपये आणि ‘ओ.टी. ३० तास: १,२०० रुपये’ असे आहे. २६ दिवस आणि रोज ८ तास धरले तर मूळ पगाराचा हा एकेरी दर तासाला ४० रुपये पडतो. त्याच दिवशी निरस्त झालेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ मधील दुप्पट दरात बोनस वगळून भत्तेही येत होते; सर्व भत्ते धरले गेले तर तो दर २०० रुपये होतो. संहितेतील ‘वेतना’च्या व्याख्येत काही भत्ते वगळले जातात, पण एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त वगळता येत नाहीत; त्या हिशेबाने दुप्पट दर निदान १०० रुपये येतो. कोणता भत्ता धरायचा यावर युक्तिवाद होईल, पण ४० रुपयांचा दर कोणत्याही हिशेबात बसत नाही.

पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार वेतन संहितेच्या कलम ५९ नुसार मालकावर आहे, परंतु जादा तास काम केले हे आधी तुम्हालाच दाखवावे लागेल. शिफ्टचे जे तक्ते मोबाइलवर येत होते, ते आजच्या आज जतन करा, तुमच्या डायरीतील नोंदी त्यांच्याशी ताडून पाहा आणि हजेरी यंत्राच्या नोंदींची लेखी मागणी करून पोच घ्या. कलम ४५ खालील अर्जाचा निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नुसती नोटीस बजावण्यातच महिने जातात आणि पगारावर जगणाऱ्या माणसाला तारखांवर तारखा देणे हा अन्यायच आहे. म्हणून अर्ज या आठवड्यात द्या, थकबाकीबरोबर भरपाईही मागा, कारण ती थकबाकीच्या दहापटीपर्यंत देता येते. ज्या सहकाऱ्यांना याच दराने पैसे मिळाले त्यांना सोबत घ्या. एकत्रित अर्ज चालतो, आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांची मुदतही दर महिन्याला सरकते आहे.